अभ्यास चालू आहे

बिंडारा गावातली माणसं गाव सोडून का जातात, यावर टेगन सहा वर्षं पीएचडी करत होती. प्राध्यापकांनी चौथ्यांदा प्रकरण परत केलं, "आणखी एक पाहणी हवी" म्हणाले, तेव्हा ती ढसाढसा रडली आणि सिडनीहून आठ तास गाडी हाकत पुन्हा तिथे पोचली. ओळीनं घरं बंद होती. एकटे मर्व आजोबा तेवढे सापडले, ट्रकमध्ये सामान चढवताना. त्यांची बायको गेल्या हिवाळ्यात शहरातल्या इस्पितळाच्या वाटेवरच गेली होती.

"आजोबा, एवढं शेवटचं," टेगन काकुळतीला आली. "नाहीतर माझी सहा वर्षं पाण्यात जातील. तुम्ही का निघालात?"

"दवाखाना नाही म्हणून, पोरी. डॉक्टर द्या, म्हणून दरवर्षी अर्ज केला आम्ही. दरवर्षी सरकारचं तेच उत्तर."

"मला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? येशील तेव्हा तूच रडवेली असायचीस."

"पण उत्तर काय यायचं?"



"एक विद्यार्थिनी तुमच्या गावाचा अभ्यास करते आहे. तो पूर्ण झाला की ठरवू."