श्रीखंडाचा घास

लग्नाच्या वाढदिवशी नवरा-बायकोने एकमेकांना श्रीखंडातून प्रेमाच्या औषधाचा डोस भरवला, की वर्षभराच्या प्रेमाची काळजी मिटायची. यंदा वैजयंती घास तोंडात घेऊनच हात धुवायला गेली, तर शिरीष त्याचा घास बेसिनमध्ये थुंकत होता. त्याच्या सराईतपणावरून तिला कळलं, की हे दरवर्षीचंच आहे.

"गोड सोसत नाही गं," तो म्हणाला.

तिनेही तोंडातला घास थुंकला. महिन्याभरात तिचं प्रेम ओसरलं. मग तिने जन्मभर पुरेल एवढा डोस आणून त्याच्या चहात घातला.

संध्याकाळी तो गजरा घेऊन आला, तेव्हा ती बॅग उचलून दारात उभी होती.

"वैजू, तुझ्याशिवाय मी कसा जगू?"

"मी तुझ्याशिवाय जगले तसा. फक्त मला ते माहीत नव्हतं. तुला असेल."