फळ्यावरचा बूट

बुद्धविहारासमोरच्या फळ्यावर समाधानचा बूट टांगलेला होता. एकच. नवाकोरा, पुढून लोखंडी टोकाचा, बोअरच्या मशीनवर काम करताना घालतात तसला.

सकाळचे सात वाजले होते आणि फळ्यापुढे दहाबारा माणसं जमली होती. चहावाला धुळाजी हातात किटली तशीच धरून म्हणाला, “काय बे समाधान, चाललास व्हय परत आफ्रिकेला? आन दुकान?”

धरणीनं पोटात घ्यावं असं समाधानला झालं. चार दिवसांनी त्याचं विमान होतं आणि ही गोष्ट त्याने सख्ख्या आईलाही सांगितलेली नव्हती.

बरं, दोष द्यावा तरी कुणाला? हे फळ्याचं खूळ गावात त्यानेच तर आणलं होतं. दीड वर्ष सिएरा लिओनमध्ये बोअर मारून तो एप्रिलात शिरूर कासारजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो सिंहाचा. “सिंह एक बी न्हाई दिसला,” समाधान म्हणाला. “बातम्या वाचणारी मानसं मात्र रोज दिसली.” तो राहायचा तिथल्या चौकात इब्राहिम नावाचा एक माणूस रोज मोठ्या फळ्यावर खडूने बातम्या लिहायचा. रोजचा पेपर घेणं सगळ्यांना कुठलं परवडतंय. मग जाता-येता माणसं थांबायची, मंत्र्यावरून तासभर कडाकडा भांडायची आणि एकाच टपरीवर चहा प्यायची. एकदा कुणा पुढाऱ्याच्या माणसांनी फळा फोडला. दुसऱ्या दिवशी इब्राहिमने आपल्या घराचं दार काढून आणलं आणि त्यावर लिहिलं. “आपल्या चौकात फ्लेक्स आसतो,” समाधान सांगे. “त्याच्यावर पुढाऱ्याचा वाढदिवस कळतो. टँकर कवा येनार ते न्हाई कळत.”

“इब्राहिम मंजी आपल्या गेवराईवाल्यांसारखाच हट्टी वाटतोय की,” धुळाजी म्हणाला होता.

पलीकडे ज्वारी निवडत बसलेल्या चतुराबाईने, म्हणजे समाधानच्या आईने, वेगळंच विचारलं. “आन ज्येला वाचता येत न्हाई, त्येनं काय करावं?” तिला येत नव्हतं. वीस वर्षं तिने ऊस तोडला. दिवाळी झाली की टोळी कारखान्याला जायची, समाधान आजीपाशी राहायचा. पाटीपेन्सिलीला बाईला सवड मिळालीच नाही.

“त्येंच्यासाठी तो वस्तू टांगतो, माय. पेट्रोल मिळंना झालं की रिकामा डबा.”

“शाना हाय,” चतुराबाई म्हणाली. तेवढंच.

त्याच आठवड्यात टँकर आला नाही. विहारासमोरच्या फळ्यावर निवृत्ती गुरुजी रोज सुविचार लिहीत. त्या फळ्याच्या खिळ्याला चतुराबाईने रिकामी घागर टांगली. गाव हसलं. पाच दिवस घागर तशीच लोंबत राहिली आणि ग्रामसेवकाला त्या रस्त्याने जाताना मान वर करता येईना. सहाव्या दिवशी टँकर आला. बाईने घागर उतरवून लिंबाचा हिरवा डहाळा लावला. शेजारच्या वर्षाराणीला मुलगी झाली तेव्हा झबलं लागलं. गुरुजींनी सुविचार छोटा केला आणि खाली दोन ओळी बातम्या लिहू लागले, पण लोक आधी खिळ्याकडेच बघायचे. समाधानने कौतुकाने फोटो काढून इब्राहिमला पाठवला. त्याने उलट विचारलं, या बाईंना आमच्याकडे पाठवता का?

आणि उघड्यावर बातमी सांगणाऱ्यांचं एवढं गुणगान गाणारा हा गडी स्वतः काय करत होता? आल्या आल्या त्याने आईला शब्द दिला होता, “आता जात न्हाई. शिरूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकतो.” तिने ते घरोघरी सांगितलं होतं. मग दुकानाची जागा हातची गेली, कंपनीचा फोन आला, आणखी दोन वर्षं येतोस का म्हणून. खरं सांगायचं तर तिकडे त्याचा जीवही रमला होता. तो हो म्हणाला. बीडला जाऊन बूट घेतले आणि पोत्यात गुंडाळून कॉटखाली सरकवले. आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले. जेवताना आई समोर बसली की तो मान खाली घालून भराभर जेवायचा आणि उठायचा.

त्याने बूट खिळ्यावरून काढला. गुरुजींनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी चतुराबाई उंबऱ्यात बसली होती. दुसरा बूट तिच्या मांडीवर होता. फडक्याला खोबरेल लावून ती तो पुसत होती. नव्या बुटाला तेलाची काही गरज नव्हती, पण हाताला काम लागतंच.

समाधान तिच्यासमोर जमिनीवर बसला. “चार शिव्या दिल्या आस्त्या तरी चाललं आसतं, माय. सगळ्या गावाला कशाला दाखवलंस?”

“तू मला सांगंनास. मग काय करू?”

“रागावलीस?”

तिने त्याच्या हातातला बूट घेतला आणि दुसऱ्याशेजारी नीट जोडीने ठेवला.

“कोन्त्या तोंडानं रागावू?” ती म्हणाली. “दर साली दिवाळी झाली की तू निजल्यावर मी टोळीचा ट्रक धरायचे. वाटायचं, सांगितलं तर लेकरू रडंल. सकाळी उठल्यावर तुला कसं व्हत आसंल, ते काल ह्यो बूट घावला तवा कळलं.”