समोरची खुर्ची

व्हिएतनाममधल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावात, खानावळीत शिरल्याशिरल्या खांबेट्यांनी पाठीवरची सॅक उतरवून समोरच्या खुर्चीवर ठेवली. ती खुर्ची रिकामी दिसली की घास उतरत नसे, म्हणून प्रवासाला निघाल्यापासून रोज हेच चाललं होतं.

भात आला. हाताच्या सवयीनं त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजवीकडे टेबलावरच चार शितांची चित्राहुती घातली. शितं सांडली असं वाटून मालकीणबाई फडकं घेऊन आली आणि ती नीट मांडलेली पाहून थबकली. तिनं काहीतरी विचारलं. खांबेट्यांनी भाषांतराचा फोन पुढे केला. ती त्यात पुन्हा बोलली, तसा फोन मराठीत म्हणाला, "हे जेवण कोणासाठी ठेवले आहे?"

देश सोडल्यापासून कानांवर पडलेलं पहिलं मराठी ते. 'देवाला असतं, मुंजीपासूनची सवय आहे,' असं सांगायला खांबेट्यांनी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"बायकोसाठी. ही सहल तिनंच ठरवली होती. राहून गेली."

फोननं ते तिच्या भाषेत सांगितलं. ती आत जाऊन भात-भाजीची आणखी एक वाटी घेऊन आली, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या, वाटी पलीकडच्या बाजूला मांडली आणि खुर्चीवरच्या सॅककडे पाहत उभी राहिली.

खांबेट्यांनी उठून सॅक खाली जमिनीवर ठेवली. मग ती वाटी जवळ ओढली आणि भाजीतल्या मिरच्या एकेक वेचून आपल्या ताटात घेतल्या. तिला तिखट सोसत नसे.