जिभेला बळ

"हा चहा आहे, की भांडी विसळलेलं पाणी?" सासूबाईंनी कप ठक्कन खाली ठेवला. कप रिकामा होता.

सुनेने कप उचलला. "उद्या जरा कडक करते, आई."

"उद्या तू इथं हवीस कशाला? माझा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. तुझं-माझं नातं संपलं. बॅग उचल आणि चालती हो."

बॅग दाराशीच होती. सासूबाईंनी ती आठवड्यापूर्वीच शेजारणीकडून माळ्यावरून काढून घेतली होती. तुटलेला बंदसुद्धा स्वतः सुई-दोरा घेऊन शिवला होता. घालवायची एवढी घाई! सुनेचे डोळे भरून आले. बंद मात्र छान पक्का शिवला होता, हेही तिला दिसलं.

दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तिला नर्स म्हणून बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. तिला जायचं होतं, अगदी मनापासून. पस्तिशी उलटली होती आणि या दोन खोल्यांच्या भिंती दिवसेंदिवस जवळ सरकत होत्या. पण नवऱ्याला शेवटच्या दिवशी तिने शब्द दिला होता, "आईंना सोडणार नाही." दगडाखाली हात सापडले होते.

तशा सासूबाई पूर्वी अशा नव्हत्या. मुलगा गेल्यावर दोघी एकमेकींना धरून रडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी असंच नोकरीचं एक पत्र आलं. सुनेने ते फाडून टाकलं, आणि त्याच सुमारास सासूबाईंच्या जिभेचं हाड नाहीसं झालं. तेही फक्त सुनेपुरतं. दूधवाल्याशी बोलताना साखर पेरायच्या.

"अवघड माणूस हीच आपली शाळा," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते. "दुसरा गाल पुढे करायचा."

गाल दोनच असतात साहेब, तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती उलट बोलली नाही. घरीही कधी बोलली नाही. ख्रिस्ताच्या नावाने एवढं तरी जमवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"माझ्या गोळ्यांची वेळ लिहिते, सरक," सासूबाई म्हणाल्या. मुलाच्या सुतारकामातली जाड निळी पेन्सिल घेऊन त्या कॅलेंडरपाशी गेल्या. त्या पेन्सिलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

सून प्रार्थनेच्या सभेला निघाली. पर्समध्ये दवाखान्याला लिहिलेलं नकाराचं पत्र होतं. येताना ते पोस्टात टाकायचं आणि विषय संपवायचा.

चर्चच्या दाराशी एक पेटी असे. रविवारी लोक तिच्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकत आणि बुधवारी बायका त्यावर प्रार्थना करत. सासूबाई रविवारच्याच. बुधवारी त्यांचे गुडघे आडवे येत.

गेली दोन वर्षं एक चिठ्ठी हमखास निघायची: 'प्रभू, जिभेला बळ दे.' कुणाची, कळत नव्हतं. बायकांचा संशय घंटा वाजवणाऱ्या काकांवर होता, कारण पक्षाघातानंतर ते अडखळत बोलत. कुणाचं का असेना, सुनेला त्या मुक्या जिवाची फार कणव यायची. त्या चिठ्ठीवर सगळ्यांत मोठं आमेन तिचं. घरीही झोपण्यापूर्वी ती न चुकता मागायची, प्रभू, त्याला बोलू दे.

चिठ्ठ्या नेहमी सभेच्या प्रमुख मावशी वाचत. आज त्या चष्मा विसरल्या होत्या.

"तूच वाच गं," म्हणत त्यांनी गठ्ठा सुनेच्या हाती दिला.

दोन चिठ्ठ्या झाल्या. तिने तिसरीची वरची घडी उघडली. "प्रभू, जिभेला बळ दे."

सगळ्या आमेन म्हणाल्या. तीही म्हणाली, नेहमीसारखीच मोठ्यानं. मग तिची नजर अक्षरांवर अडली. कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. पेन्सिल जाड होती, निळी होती.

"खाली आणखी काही लिहिलंय का गं?" मावशींनी विचारलं.

तिने उरलेली घडी उलगडली. कागद डोळ्यांजवळ नेला.

'पुन्हा पत्र आलंय. शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. माझ्यापायी ही पोर या दोन खोल्यांत म्हातारी होईल. मला येत होतं तेवढं सगळं वाईट बोलून झालं, तरी ती जात नाही. याहून वाईट बोलायला आता तूच शिकव.'