गंगावन

सकाळी नऊ वाजता रुग्णालयाच्या फाटकाने कुंदाकाकू दिघेंना अडवलं. या देशात आता कागद कुणी विचारत नसे. फाटकच केसांवरून माणूस ओळखत असे.

"कुंदा दिघे आठ वाजताच आत गेल्यात," पहारेकरी म्हणाला. "मग तुम्ही कोण?"

काकूंना तनुजाचा अंबाडा आठवला. मराठी मंडळाने आसरा दिलेली, राहण्याचा परवाना नसलेली, दिवस भरलेली पोर. हळदीकुंकवाला तिचे विरळ केस बघून काकूंनीच स्वतःच्या गळलेल्या केसांचं गंगावन तिला दिलं होतं. की तिनेच गोड बोलून काढून घेतलं? "काकू, तुमचे केस अजून किती काळे हो!" हे ती उगाच म्हणाली नसणार.

"तुमचे केस कुणाला दिलेत का?"

नाव सांगितलं तर तनुजाला बाळासकट विमानात बसवतील.

"गळलेले केस मोरीत जातात, बाबा. यंत्र बिघडलंय तुमचं."

तेवढ्यात फोन वाजला. तनुजा कुजबुजत होती, "काकू, इथे सगळे मला कुंदा म्हणतायत! मुद्दामच दिलंत ना ते गंगावन?"

काकूंनी फोन बंद केला.

दुपारपर्यंत नोंदीप्रमाणे कुंदा दिघे प्रसूतिकक्षात पोहोचल्या होत्या. फाटकाबाहेर बाकावर बसवलेली बाई कोण, ते अजून ठरलं नव्हतं.