सत्काराची शाल

समुपदेशक बाईंच्या खोलीत निवृत्त प्राचार्य शिरले ते खांद्यावर नवीकोरी शाल मिरवतच. "कालच्या सत्काराची! टाळ्या थांबेनात." बाई नुसत्या ऐकत राहिल्या, तसे सर भडकले. "एवढे महिने येतोय, कौतुकाचा शब्द निघत नाही तुमच्या तोंडून!"

रागारागानं शाल काढली, तर काठाला किमतीचं लेबल लोंबत होतं. सकाळी स्वतःच विकत घेतलेली शाल! सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"केव्हा दिसलं तुम्हाला?"

"तुम्ही दारात होतात तेव्हाच."

"मग हसला का नाहीत?"

"हसण्यासारखं काय आहे, सर?"

लेबल मुठीत चुरगळत सर खालमानेनं पुटपुटले, "सत्कार दुसऱ्याचा होता. मी शेवटच्या रांगेत होतो. कुणी ओळखलंसुद्धा नाही."