बिनफवारणीचा वाफा

"या वाफ्यावर औषध मारायचं नाही, हे किती वेळा सांगायचं?" मी हरभऱ्यात उभी राहून आमच्या फवारणीच्या कामावरच्या कौसाबाईंवर ओरडले. कंपनीच्या नव्या औषधाचा गुण ज्या बिनफवारणीच्या वाफ्याशी ताडून पाहायचा, तोच त्यांनी तीन दिवसांपूर्वी गुपचूप फवारला होता. हंगामभराच्या चाचणीची माती झाली!

"पाहवलं नाही मॅडम," त्या पुटपुटल्या. "अळ्या घाटे पोखरत होत्या, आन् आपण नुसतं मोजत बसायचं?"

"चाचणी रद्द करा," चाचणी बघायला आलेला कंपनीचा माणूस लगेच म्हणाला. "आमच्या औषधाला दोष नको. बाकीच्या वाफ्यांत अळ्या राहिल्या, त्याही यांच्या असल्याच कारभारामुळे. औषध नीट फवारलंच नसणार यांनी."

कौसाबाईंची मान ताठ झाली. "या वाफ्याला तर झाकणभर जास्तच टाकलं होतं, साहेब. तुमचंच औषध."

त्यांनी त्याच वाफ्यातल्या हरभऱ्याच्या एका झाडाखाली पांढरं फडकं अंथरलं आणि झाड जोरात झटकलं. टपटप अळ्या पडल्या, वळवळायला लागल्या. फडक्याची चारी टोकं उचलून त्यांनी ते त्याच्या तोंडासमोर धरलं.

"यातली मेलेली कोणती, तेवढी दाखवा."